आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आणि खाजगी दावेदार : अंमलबजावणीतील प्रादेशिक भिन्नतेची चिकित्सा

गोषवारा

जागतिक व्यापार संघटनेचे करार राष्ट्राराष्ट्रांमध्ये झालेले असले, तरी त्यांच्या भंगाची किंमत प्रत्यक्षात उत्पादक, निर्यातदार आणि आयातदार मोजतात. या खाजगी घटकांना न्यायालयात दाद मागण्याची मुभा किती असावी, याबाबत जगातील निरनिराळ्या प्रदेशांनी परस्परभिन्न मार्ग स्वीकारले आहेत. प्रस्तुत लेखात युरोप, उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आफ्रिका आणि आशिया येथील निवडक न्यायनिर्णयांच्या आधारे या भिन्नतेची चिकित्सा केली आहे. खाजगी दाव्याला पूर्ण मोकळीक देणे किंवा पूर्ण मज्जाव करणे ही दोन्ही टोके सदोष असून भारतासारख्या देशाला मर्यादित पण निश्चित स्वरूपाच्या मध्यममार्गाची गरज आहे, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : जागतिक व्यापार संघटना, खाजगी दावा, प्रत्यक्ष परिणाम, डंपिंगविरोधी शुल्क, प्रादेशिक न्यायालये.

१. विषयप्रवेश

नोव्हेंबर १९९७ मध्ये युरोपीय समुदायाने भारत, पाकिस्तान आणि इजिप्त या देशांतून येणाऱ्या सुती चादरी व उशांचे अभ्रे यांवर डंपिंगविरोधी शुल्क बसवले. एखादा माल स्वदेशातील रास्त किमतीपेक्षा कमी किमतीला परदेशात विकणे म्हणजे डंपिंग होय. हे डंपिंग मोजण्यासाठी वापरलेली पद्धत वादग्रस्त होती. समजा, एका प्रकारची चादर रास्त किमतीपेक्षा दहा रुपये कमी दराने आणि दुसऱ्या प्रकारची तितक्याच संख्येने दहा रुपये जास्त दराने विकली गेली, तर सरासरी फरक शून्य येतो. परंतु या पद्धतीत जास्त दराने झालेल्या विक्रीचा फरक वजा न करता शून्य धरला जाई आणि केवळ कमी दराच्या विक्रीचा फरक हिशेबात घेतला जाई. साहजिकच डंपिंग फुगून दिसे. या पद्धतीला 'शून्यीकरण' म्हणता येईल.

भारत सरकारने हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत नेला आणि १ मार्च २००१ रोजी अपील मंडळाने शून्यीकरणाची पद्धत डंपिंगविरोधी कराराशी विसंगत ठरवली. त्याच वर्षी युरोपीय समुदायाने शुल्काची फेरतपासणी करून भारतापुरती आकारणी स्थगित केली. वरकरणी हा भारताचा संपूर्ण विजय होता. मात्र संघटनेच्या तंटा निवारण व्यवस्थेत मिळणारा उपाय भविष्यलक्षी असतो. आधीच्या काळात वसूल झालेल्या शुल्काचे आणि हातच्या गेलेल्या मागण्यांचे काय, या प्रश्नाला तेथे उत्तर नसते. याच शुल्काविरुद्ध आयकिया या आयातदार कंपनीने इंग्लंडमध्ये दावा केला. तेथील उच्च न्यायालयाने हा प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे सोपवला आणि २७ सप्टेंबर २००७ रोजी शून्यीकरणाच्या आधारे बसवलेले ते शुल्क त्या मर्यादेत अवैध ठरले. दावा करणाऱ्या आयातदारांचा शुल्क परत मिळण्याचा हक्क तत्त्वतः मान्य झाला.

एकाच शुल्काची ही हकीकत तीन पातळ्यांवर तीन प्रकारे संपते. सरकारला तात्त्विक विजय मिळाला आणि युरोपातील आयातदाराला पैशाचा परतावा मागता आला. ज्याच्या मालावरून वाद उद्भवला त्या भारतीय उत्पादकाला मात्र गेलेल्या बाजारपेठेबद्दल कोणाकडेच दाद मागता आली नाही. हक्क कोणाचा, नुकसान कोणाचे आणि दाद मागण्याची पात्रता कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यात एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबत नाहीत. ती कोठे थांबतात हे प्रदेशानुसार बदलते.

२. तात्त्विक पार्श्वभूमी

एखादा आंतरराष्ट्रीय करार नागरिकाला स्वतःच्या देशातील न्यायालयात थेट आधार म्हणून वापरता येत असेल, तर त्या कराराला 'प्रत्यक्ष परिणाम' आहे असे म्हटले जाते. ज्या देशांत करार आणि देशांतर्गत कायदा या दोन स्वतंत्र व्यवस्था मानल्या जातात, तेथे विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय कराराला न्यायालयात स्थान मिळत नाही. भारत, इंग्लंड आणि राष्ट्रकुलातील बहुतेक देश या द्वैतवादी परंपरेतील आहेत.

१९४७ च्या गॅट करारापासून व्यापारविषयक नियमांकडे राष्ट्राराष्ट्रांमधील सवलतींची देवाणघेवाण म्हणून पाहिले गेले. तथापि १९९५ पासून लागू झालेल्या करारसमूहात खाजगी घटकांचा विचार अगदीच नाही असे नव्हे. गॅटच्या दहाव्या कलमात सीमाशुल्कविषयक निर्णयांच्या तपासणीसाठी स्वतंत्र न्यायिक यंत्रणा असावी असे बंधन आहे. डंपिंगविरोधी कराराच्या तेराव्या कलमात न्यायिक पुनर्विलोकनाची तरतूद आहे. बौद्धिक संपदाविषयक करारातही हक्कधारकाला देशांतर्गत न्यायालयात परिणामकारक उपाय मिळावेत अशी अपेक्षा आहे. म्हणजेच करारांनी व्यापाऱ्याला आंतरराष्ट्रीय मंचावर स्थान नाकारले, पण देशांतर्गत न्यायालयाचे दार त्याच्यासाठी किलकिले ठेवले. हे दार किती उघडायचे हा निर्णय प्रत्येक राष्ट्रावर सोपवला गेला. प्रादेशिक भिन्नतेचे मूळ येथे आहे.

३. युरोप : घरात उदार, दारात सावध

युरोपीय न्यायालयाने १९६३ मध्ये व्हॅन गेंड एन लूस या खटल्यात, जर्मनीतून नेदरलँड्समध्ये रासायनिक माल आणणाऱ्या एका कंपनीच्या दाव्यावर, समुदायाच्या स्थापना कराराला प्रत्यक्ष परिणाम असल्याचे ठरवले. सदस्य राष्ट्रांनी परस्परांच्या मालावर नवे शुल्क बसवू नये हा नियम त्यामुळे सामान्य आयातदाराच्या हातातील शस्त्र बनला. युरोपची अंतर्गत बाजारपेठ उभी राहण्यात अशा खाजगी दाव्यांचा वाटा मोठा आहे.

परंतु हेच न्यायालय बाह्य व्यापाराबाबत वेगळी भूमिका घेते. १९७२ च्या इंटरनॅशनल फ्रूट कंपनी खटल्यात गॅट करार लवचीक असल्याने त्याला प्रत्यक्ष परिणाम नाही, असे ठरले. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेनंतर तंटा निवारण बंधनकारक झाले, तेव्हा ही भूमिका बदलेल अशी अपेक्षा होती. २३ नोव्हेंबर १९९९ रोजी पोर्तुगाल विरुद्ध परिषद या निर्णयाने ती फोल ठरवली. या खटल्याचा विषय भारत आणि पाकिस्तान यांच्याशी कापडाच्या बाजारप्रवेशाबाबत युरोपीय समुदायाने केलेले सामंजस्य करार हाच होता. प्रमुख व्यापारी भागीदार आपल्या न्यायालयांत हे करार लागू करीत नसताना युरोपने एकतर्फी तसे केल्यास परस्परतेचा समतोल ढळेल आणि वाटाघाटींत युरोपीय संस्थांचे हात बांधले जातील, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या भूमिकेतील अन्याय सर्वांत तीव्रतेने फियाम व फेडॉन या दोन इटालियन कंपन्यांच्या प्रकरणात दिसून येतो. युरोपची केळी आयातीची व्यवस्था संघटनेच्या नियमांविरुद्ध ठरली आणि ती दुरुस्त न झाल्याने अमेरिकेने १९९९ मध्ये युरोपातील निवडक मालावर १०० टक्के प्रतिशुल्क बसवले. त्यात या कंपन्यांच्या अनुक्रमे बॅटऱ्या आणि चष्म्याची घरे सापडली. केळ्यांशी या कंपन्यांचा काडीचाही संबंध नव्हता. युरोपीय न्यायालयाने ९ सप्टेंबर २००८ रोजी त्यांची नुकसानभरपाईची मागणी अंतिमतः फेटाळली. निर्यातदाराने असे धोके व्यापाराचा भाग म्हणून स्वीकारले पाहिजेत, असा या निर्णयाचा रोख होता. एका क्षेत्राला दिलेल्या संरक्षणाचा भुर्दंड दुसऱ्याच क्षेत्रातील नागरिकाने भरावा आणि त्याबद्दल त्याला न्यायालयातही जागा असू नये, ही स्थिती कायद्याच्या राज्याच्या कल्पनेशी सुसंगत नाही.

आयकियाचा विजयदेखील या चौकटीतच समजून घेतला पाहिजे. न्यायालयाने तेथे संघटनेच्या निर्णयाचा आधार घेण्यास नकारच दिला. शुल्क अवैध ठरले ते युरोपच्या स्वतःच्या डंपिंगविरोधी नियमाच्या कसोटीवर. न्यायालयीन मार्ग असा अरुंद ठेवताना युरोपने प्रशासकीय मार्ग मात्र दिला. १९९४ च्या व्यापार अडथळे नियमानुसार उद्योगाला किंवा कंपनीला परदेशी अडथळ्याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार करता येऊ लागली. २०१५ मध्ये या नियमाची जागा नव्या नियमाने घेतली आणि २०२० मध्ये अशा तक्रारींसाठी एकच प्रवेशद्वार निर्माण करण्यात आले.

४. उत्तर अमेरिका : दावा बंद, अर्ज खुला

अमेरिकेने हा प्रश्न न्यायाधीशांवर सोडलाच नाही. १९९४ च्या उरुग्वे फेरी करार कायद्यातील १०२ व्या कलमानुसार अमेरिकी सरकारखेरीज अन्य कोणालाही या करारांच्या आधारे दावा किंवा बचाव करता येत नाही. १८०४ च्या चार्मिंग बेट्सी खटल्यापासून चालत आलेले, कायद्याचा अर्थ शक्यतो आंतरराष्ट्रीय बंधनाशी सुसंगत लावण्याचे तत्त्वही व्यापारविषयक खटल्यांत दुबळे ठरले. २००५ च्या कोरस स्टाल खटल्यात शून्यीकरणाची तीच पद्धत संघटनेच्या निर्णयांविरुद्ध असल्याचा युक्तिवाद अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अमान्य केला. ज्या हिशेबपद्धतीमुळे युरोपात आयातदार जिंकला, त्याच पद्धतीविरुद्ध अमेरिकेत दावेदार हरला. प्रादेशिक भिन्नतेचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

तथापि अमेरिकी उद्योग निराधार नाही. १९७४ च्या व्यापार कायद्यातील ३०१ व्या कलमानुसार कोणाही हितसंबंधी व्यक्तीला परदेशी सरकारच्या धोरणाविरुद्ध व्यापार प्रतिनिधीकडे अर्ज करता येतो आणि ४५ दिवसांत चौकशी सुरू करण्याबाबत निर्णय द्यावा लागतो. कोडॅक कंपनीने १९९५ मध्ये जपानच्या छायाचित्रण फिल्मच्या बाजारपेठेबाबत असा अर्ज केला. प्रकरण पुढे जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ मध्ये जपानच्या बाजूने निकाल लागला. ग्रेगरी शॅफर यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात सरकार आणि खाजगी उद्योग यांच्या या भागीदारीचे सविस्तर विवेचन केले आहे. ज्या उद्योगाकडे वकील, आकडेवारी आणि राजकीय वजन आहे, त्याचीच तक्रार सरकारची तक्रार बनते, ही या भागीदारीची दुसरी बाजू होय.

कॅनडा, अमेरिका व मेक्सिको यांच्यातील १९९४ च्या नाफ्टा कराराच्या एकोणिसाव्या प्रकरणाने वेगळा प्रयोग केला. डंपिंगविरोधी शुल्काने बाधित झालेल्या कंपनीला देशांतर्गत न्यायालयाऐवजी दोन्ही देशांच्या पाच तज्ज्ञांच्या मंडळाकडून तपासणी मागता येऊ लागली. मंडळ आयात करणाऱ्या देशाचाच कायदा लावते. १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या करारातही ही सोय टिकून राहिली. अलीकडे, २०२५ मध्ये, आणीबाणीविषयक अधिकारांखाली बसवलेल्या व्यापक आयात शुल्काविरुद्ध अमेरिकेतील लहान आयातदारांनी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दावा केला आणि २८ मे रोजी त्यांच्या बाजूने निर्णय झाला; अपील न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्या शुल्काला कायद्याचा आधार नसल्याचे ठरवले. या दाव्यात जागतिक करारांचा भंग हा मुद्दा नव्हता. शुल्क बसवण्याचा अधिकार अमेरिकी कायद्याने दिला आहे का, एवढाच प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय कायद्याचे दार बंद असले की खाजगी दावेदार देशांतर्गत कायद्याच्या खिडकीने आत येतो, हे यातून दिसते.

५. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन

अँडियन समुदायाचे क्विटो येथील न्यायालय युरोपीय न्यायालयाच्या धर्तीवर उभारले गेले. १९९६ च्या कोचाबांबा प्रोटोकॉलने व्यक्ती व कंपन्यांना सदस्य राष्ट्राविरुद्ध करारभंगाची तक्रार नेण्याचा हक्क दिला. प्रत्यक्षात या न्यायालयाच्या कामाचा मोठा भाग बौद्धिक संपदेच्या प्रश्नांनी व्यापला आहे. मर्कोसुर गटात मात्र खाजगी तक्रार प्रथम राष्ट्रीय विभागाकडे सादर करावी लागते.

ब्राझीलच्या जुन्या टायरांचे प्रकरण खाजगी दाव्याची वेगळीच बाजू पुढे आणते. आरोग्य व पर्यावरणाच्या कारणास्तव ब्राझीलने पुनर्निर्मित टायरांच्या आयातीवर बंदी घातली होती. डासांची पैदास आणि टायरांच्या आगी ही त्यामागील कारणे खरी होती. परंतु ब्राझीलमधील टायर उद्योगांनी स्थानिक न्यायालयांतून मनाईहुकूम मिळवून वापरलेल्या टायरांची आयात चालूच ठेवली. ३ डिसेंबर २००७ रोजी अपील मंडळाने आपल्या निर्णयात या आयातींवर बोट ठेवले आणि बंदीची अंमलबजावणी भेदभावाची ठरवली. २००९ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा आयातीस मज्जाव केला. खाजगी दावा हा नेहमीच आंतरराष्ट्रीय कायद्याचा पहारेकरी नसतो. प्रसंगी तो सार्वजनिक हिताच्या धोरणाला सुरुंग लावतो आणि त्याची जबाबदारी राष्ट्रावर येऊन पडते.

कॅरिबियन न्यायालयाचा अनुभव अधिक आशादायक आहे. २००५ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सुरू झालेल्या या न्यायालयात ठरावीक अटींवर खाजगी पक्षाला परवानगीने दावा करता येतो. गयानाने बाहेरून येणाऱ्या सिमेंटवरील सामाईक शुल्क परस्पर रद्द केले, तेव्हा त्रिनिदाद सिमेंट या कंपनीने दावा केला. २००९ मध्ये न्यायालयाने गयानाला शुल्क पुन्हा लागू करण्याचा आदेश दिला, मात्र नुकसानभरपाई दिली नाही. लहान राष्ट्रांना परस्परांविरुद्ध उघड भांडण परवडत नाही. अशा वेळी कंपनीचा दावा राजनैतिक कटुता टाळून नियम टिकवतो. अर्थात या खटल्यात नियम टिकला तो मोठ्या उत्पादकाच्या संरक्षणासाठी, हेही विसरता येत नाही.

६. आफ्रिका : कागदावर सर्वाधिक उदार

खाजगी दावेदाराला प्रवेश देण्यात आफ्रिकेतील काही प्रादेशिक न्यायालये युरोपच्याही पुढे आहेत. पूर्व आफ्रिकी समुदायाच्या आरुशा येथील न्यायालयात सदस्य राष्ट्रातील कोणाही रहिवाशाला थेट जाता येते. देशांतर्गत उपाय आधी संपवण्याची अट नाही, मात्र दोन महिन्यांची मुदत कठोर आहे. केनियात तयार झालेल्या सिगारेटवर युगांडाने लावलेल्या जादा अबकारी शुल्काविरुद्ध एका तंबाखू कंपनीला याच न्यायालयात २०१९ मध्ये यश मिळाले. पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या सामाईक बाजारपेठेच्या न्यायालयात, म्हणजे कोमेसा न्यायालयात, देशांतर्गत उपाय संपवण्याची अट आहे. तेथे पॉलिटॉल पेंट्स या कंपनीने इजिप्तहून येणाऱ्या रंगांवरील शुल्काबाबत मॉरिशसने कराराचा भंग केल्याचा निर्णय २०१३ मध्ये मिळवला.

परंतु उदार दार बंद व्हायलाही वेळ लागत नाही. दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाच्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जमिनीच्या प्रश्नावर झिंबाब्वेविरुद्ध निर्णय दिला. प्रश्न व्यापाराचा नव्हता, पण दावेदार खाजगी होते. परिणामी २०१० मध्ये न्यायाधिकरणाचे काम स्थगित झाले आणि २०१४ च्या नव्या प्रोटोकॉलमध्ये त्याचा अधिकार राष्ट्राराष्ट्रांमधील तंट्यांपुरता उरला. १ जानेवारी २०२१ पासून ज्याखाली व्यापार सुरू झाला त्या आफ्रिका खंडव्यापी मुक्त व्यापार क्षेत्रातही तंटा निवारण केवळ राष्ट्रांसाठी आहे. न्यायालयाचे दार व्यक्तीला उघडणे सोपे असते. पहिला प्रतिकूल निर्णय पचवणे राज्यकर्त्यांना अवघड जाते.

७. आशिया : न्यायालयांचा संकोच

जपानमध्ये क्योटो येथील निशिजिन नेकटाय उत्पादकांनी रेशमाच्या आयातीवरील निर्बंध गॅटविरुद्ध असल्याचे सांगून सरकारकडे भरपाई मागितली. क्योटो जिल्हा न्यायालयाने १९८४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती नाकारली. करारभंगाचा परिणाम फार तर अन्य राष्ट्राशी वाटाघाटी किंवा प्रतिकारवाई एवढाच, असा जिल्हा न्यायालयाचा दृष्टिकोन होता.

चीनने २००१ मध्ये संघटनेत प्रवेश केल्यावर मधला मार्ग निवडला. ऑक्टोबर २००२ पासून लागू झालेल्या सर्वोच्च लोकन्यायालयाच्या नियमांनुसार देशांतर्गत कायद्याचे दोन वाजवी अर्थ निघत असतील, तर कराराशी सुसंगत अर्थ स्वीकारायचा असतो. शिवाय परदेशी व्यापार अडथळ्यांची चौकशी मागण्याची सोय उद्योगांना मिळाली. जिआंगसू प्रांतातील समुद्रशेवाळ उत्पादकांच्या संघटनेच्या अर्जावरून २००४ मध्ये जपानच्या आयात कोट्याची चौकशी सुरू झाली. आसिआन आणि सार्क या दोन्ही गटांत मात्र व्यापारी तंटे राष्ट्रांपुरतेच मर्यादित आहेत. २००६ पासून अमलात आलेल्या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात खाजगी पक्षाला स्थान नाही आणि या प्रदेशाला सामाईक न्यायालयही नाही.

८. भारतीय स्थिती

भारतीय संविधानाच्या ५१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासण्याचे निर्देशक तत्त्व आहे आणि २५३ व्या कलमाने करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कायदा करण्याचा अधिकार दिला आहे. जॉली जॉर्ज वर्गीस (१९८०) आणि ग्रामोफोन कंपनी (१९८४) या निर्णयांतून कायद्याविना करार न्यायालयात लागू होत नाही, पण अर्थनिर्णयनात त्याची मदत घेता येते, ही भूमिका स्पष्ट झाली.

व्यापार करारांबाबतचा सुरुवातीचा संघर्ष महाराष्ट्रातच घडला. उरुग्वे फेरीच्या अंतिम मसुद्याविरुद्ध पी. बी. सामंत विरुद्ध भारत सरकार ही याचिका १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. शेतीसारखा राज्यांच्या अखत्यारीतील विषय या करारात गुंतलेला होता. केंद्राच्या करार करण्याच्या अधिकारात हस्तक्षेप करण्यास न्यायालयाने नकार दिला. ६ ऑगस्ट २००७ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा, भारतीय पेटंट कायद्यातील ३(ड) हे कलम बौद्धिक संपदा कराराविरुद्ध असल्याचा दावा फेटाळला. त्यासाठी स्वतंत्र तंटा निवारण मंच असताना देशांतर्गत न्यायालय हा योग्य मंच नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. स्वित्झर्लंडने पुढे संघटनेत तक्रार केली नाही. स्वस्त औषधांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा ठरला, आणि प्रत्यक्ष परिणामाला भारतात विरोध का असावा याचे ते सर्वांत सबळ उदाहरण आहे.

याउलट २०१५ च्या जी. एम. एक्स्पोर्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अप्रत्यक्ष मार्ग खुला केला. हंगामी डंपिंगविरोधी शुल्काची मुदत संपल्यानंतर आणि अंतिम शुल्क लागू होण्यापूर्वीच्या मधल्या काळात शुल्क वसूल करता येईल का, हा प्रश्न होता. भारतीय कायदा आंतरराष्ट्रीय कराराच्या पूर्ततेसाठी केलेला असेल, तर त्याचा अर्थ कराराशी मेळ राखून लावावा, असे सांगून न्यायालयाने मधल्या काळातील वसुली अमान्य केली. म्हणजेच आयातदाराला करार 'लागू' करून मिळाला नाही, पण कराराचा लाभ मिळाला.

भारताची खरी उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे. परदेशी बाजारात अन्याय झालेल्या भारतीय निर्यातदाराला सरकारकडे रीतसर अर्ज करण्याचा, ठरावीक मुदतीत सकारण उत्तर मिळवण्याचा आणि नकाराची तपासणी करून घेण्याचा वैधानिक हक्क नाही. अमेरिकेच्या ३०१ व्या कलमासारखी किंवा युरोपच्या अडथळे नियमासारखी तरतूद भारतात नाही. निर्यात प्रोत्साहन परिषदा आणि मंत्रालय यांच्यातील पत्रव्यवहारावर सारे अवलंबून असते. मोठ्या उद्योगाची तेथे ओळख असते. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजी येथील यंत्रमागधारकाची नसते.

९. चिकित्सा

वरील आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खाजगी दाव्याची मुभा ही देशाच्या संपन्नतेवर किंवा न्यायव्यवस्थेच्या प्रगल्भतेवर ठरत नाही. बलाढ्य बाजारपेठांनी जागतिक नियमांबाबत दार बंद ठेवले आणि लहान राष्ट्रांच्या गटांनी ते प्रादेशिक नियमांबाबत उघडले. वाटाघाटीच्या टेबलावर ज्याचे वजन आहे त्याला न्यायालयाची गरज वाटत नाही. पोर्तुगाल खटल्यातील परस्परतेचा युक्तिवाद कायदेशीर भाषेत मांडला गेला असला, तरी त्याचा गाभा सामर्थ्याचा आहे.

दुसरी, न्यायालयात पोहोचणारे दावेदार बहुतांशी मोठे आहेत. सिमेंट, तंबाखू, औषध, बॅटरी आणि गृहोपयोगी वस्तूंच्या कंपन्या येथे दिसतात; शेतकरी, विणकर किंवा ग्राहक जवळजवळ दिसत नाहीत. निशिजिनचे उत्पादक आणि अमेरिकेतील लहान आयातदार हे अपवाद होत. म्हणून 'व्यक्तीला हक्क मिळाला' असे म्हणताना ती व्यक्ती कोण, हे विचारावेच लागते. तिसरी, दावा दुधारी असतो. नोव्हार्टिस आणि ब्राझीलचे टायर ही प्रकरणे सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने सावधगिरीचा इशारा देतात, तर फियामचे प्रकरण दाद नाकारण्यातील अन्याय दाखवते. या दोहोंपैकी एकच बाजू घेणारी भूमिका अपुरी ठरते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळ सदस्यांअभावी ठप्प आहे. उसाच्या दराबाबतचे व साखर निर्यातीचे भारताचे धोरण १४ डिसेंबर २०२१ रोजीच्या पॅनेल अहवालात करारांविरुद्ध ठरले आणि भारताने त्यावर न चालणाऱ्या मंडळाकडे अपील केले. महाराष्ट्रातील लाखो ऊस उत्पादकांशी निगडित असलेला हा तंटा अंतिम निर्णयाविना लोंबकळत पडला. राष्ट्रांसाठीचा दरवाजाही जेव्हा असा अडकतो, तेव्हा ज्यांना मुळातच दरवाजा नव्हता त्यांची स्थिती वेगळी सांगावयास नको.

१०. समारोप

प्रत्यक्ष परिणामाचा सरसकट स्वीकार भारताच्या हिताचा नाही. त्यामुळे औषध, शेती आणि पर्यावरण यांविषयीची धोरणे मोठ्या कंपन्यांच्या दाव्यांना खुली होतील. पण तेवढ्यावरून व्यापाऱ्याला केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणेही समर्थनीय नाही. तीन मर्यादित उपाय सुचवता येतात. जी. एम. एक्स्पोर्ट्समधील सुसंगत अर्थनिर्णयनाचे तत्त्व खालच्या न्यायाधिकरणांनी सातत्याने पाळावे. परदेशी अडथळ्यांविरुद्ध अर्ज करण्याचा हक्क कायद्याने द्यावा, त्याला मुदत आणि सकारण उत्तराचे बंधन असावे, आणि लहान उत्पादकांच्या संघटनांना त्यासाठी तांत्रिक साहाय्य मिळावे. स्वतःच्या सरकारच्या करारभंगामुळे दुसऱ्या देशाच्या प्रतिशुल्काचा बळी ठरलेल्या, वादाशी संबंध नसलेल्या निर्यातदाराला भरपाईची निश्चित योजना असावी.

चादरीवरील शुल्काच्या वादात कायदा भारताच्या बाजूने होता, निर्णयही बाजूने लागला. तरीही यंत्रमागावर बसलेल्याच्या पदरात काही पडले नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचे यश राष्ट्रांनी जिंकलेल्या तंट्यांच्या संख्येवरून मोजले जाते. ज्याच्या मालासाठी तंटा झाला त्याच्यापर्यंत त्या निर्णयाचे काय पोहोचले, ही कसोटी अभ्यासकांनी आणि धोरणकर्त्यांनी त्याबरोबरच लावणे आवश्यक आहे.